सात मेगाहर्ट्झ

"आजी, वरची तार तुमचीच हाये ना?" चंदनने गच्चीकडे बोट दाखवलं. सरकारच्या वायरलेस तपासणीवरचा हा तरुण अधिकारी सकाळीच नागपूरहून नालवाडीत आला होता.

"माहीच. लायसनची हाये. पाह्य." कांताबाईंनी हौशी रेडिओचा, म्हणजे घरून बिनतारी सेटवर बोलण्याचा, परवाना पुढे केला. त्याने तो घेतला तसा कागदावर समोशाचं तेल उमटलं.

या भागात मोबाईलवरचं बोलणं मधेच तुटतं, अशी तक्रार गेली होती. सकाळपासून चंदन हातातला अँटेना फिरवत होता आणि शेजारच्या कोचिंग क्लासकडे वळला की त्याचं यंत्र किंचाळत होतं. तिथल्या मुकेश सरांनी सिग्नल खेचणारे चार बूस्टर बिनापरवाना गच्चीवर ठोकले होते. सरांचा भाऊ राजकारणातला. चंदन आत गेला, अर्धा तास बसला आणि तोंड पुसत निघाला तो थेट कांताबाईंच्या दारात.

"काऊन रे बाबू, तुहं यंत्र तिकडं वरडते, अन् तू इकडं काऊन येऊन राह्यला?"

"वरून प्रेशर हाये, आजी. काहीतरी दाखवा लागते."

कांताबाईंना शिसारी आली. पोस्टात त्या नव्याने लागल्या तेव्हा रेडिओ नुसता ऐकायलाही परवाना लागे आणि तो पोस्टातच मिळे. एकदा लक्ष्मणराव नावाचे शेतकरी रेडिओ डोक्यावर घेऊन खिडकीशी आले. "बाई, मुदत सरून दोन महिने झाले. तरी चुकून बातम्या ऐकल्या. दंड घ्या." सगळं ऑफिस हसलं होतं. कांताबाईही हसल्या होत्या. पुढे हौशी रेडिओची परीक्षा देताना त्यांना उमगलं, की हवेतल्या लहरीही वावरासारख्याच वाटून दिलेल्या असतात. एकाने धुरा, म्हणजे मधला बांध, कोरला की दुसऱ्याचा आवाज मरतो. लक्ष्मणरावांना ते न शिकता कळलं होतं.

चंदनने जप्तीचा कागद भरून पुढे सरकवला. कांताबाईंनी चष्मा लावला.

"नऊशे मेगाहर्ट्झ? हे तं मोबाईलचं झालं. माहा सेट सातवर चालते. सात लिही."

"सात लिहिलं तर जप्त कसा करू?"

"तेच तं म्हणून राह्यली मी!"

चंदन हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "आजी, सही करून टाका. महिनाभरात सेट परत आणून देतो. नाई केली तर लायसनच जाईन. या वयात कशाले झंझट?"

आर्वीचे बापूराव दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले होते. उशाशी तसाच सेट ठेवून ते रोज कांताबाईंच्या आवाजाची वाट पाहत. महिनाभर थांबतील ते? कदाचित थांबतीलही. परवानाच गेला, तर मात्र ते बोलणं कायमचंच संपलं.

त्यांनी पेन हातात घेतलं. नऊशेचा आकडा पुन्हा वाचला. मग टोपण लावून पेन चंदनच्या खिशाला अडकवलं.

"तुह्या खोट्याले माही सही नाई भेटनार."

चंदनने मान खाली घालून सहीच्या जागी लिहिलं, 'सही करण्यास नकार.' कांताबाईंनी तेही वाचलं.

"हे एवढं मात्र खरं लिहिलंस."

तो सेट उचलायला वाकला. त्यांनी पुढे होऊन फाटक पूर्ण उघडलं.

"सेटच्या कडीले धरू नको, निसटते ते," त्या म्हणाल्या. "खालून धर. दोन्ही हातांनी."