हाक दिली नव्हती

कोल्हापुरातल्या एका सूतगिरणीत काम करणारा बाळासो चौगुले जेवायला बसला खरा, पण भाकरी नुसतीच कुस्करत राहिला. उद्या सकाळी गिरणीच्या ऑफिसात त्याच्याच खात्यातल्या पिराजीची चौकशी होती आणि युनियनतर्फे साक्ष द्यायची होती बाळासोने. खात्यातला युनियनचा प्रतिनिधी तोच आणि घडलेला प्रकार डोळ्यांनी पाहणाराही तोच.

यंत्राखालचा कचरा काढायचा तर यंत्र पूर्ण बंद करावे, असा गिरणीचा नियम होता. पण नियम भिंतीवर आणि काम जमिनीवर! यंत्र जरा थांबले की खात्याचा मास्तर अंगावर येई. म्हणून कामगारांनी आपली एक वाट काढली होती. यंत्र बंद न करता त्याचा पट्टा क्षणभर बाजूला सरकवायचा, झाडणाऱ्या बाईने खाली हात घालून कचरा ओढायचा आणि पट्टा परत चढवण्याआधी यंत्रावरच्या माणसाने "हात काढ गंऽ!" अशी हाक द्यायची. कोण किती झटपट पट्टा चढवतो, याची आपसात शर्यतही लागे. पिराजी त्यात सगळ्यांचा गुरू. त्या दिवशी मास्तर पाठीमागे उभा राहून "उरक, उरक" करत होता. पिराजीने पट्टा चढवला आणि हाक द्यायची राहून गेली. खाली झाडणाऱ्या तानाबाईच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

पिराजीला लगेच चार्जशीट मिळाले. कामावरून का काढू नये, ते सांगा!

युनियनचे सेक्रेटरी गणपतराव मोठे तळमळीचे गृहस्थ. त्यांनी चौकशीच्या आदल्या दुपारी बाळासोला बाजूला घेतले होते.

"पिराजी आपला सभासद आहे. त्याची नोकरी गेली तर उद्या कुणाचीही जाईल. तू एवढंच सांगायचं, पिराजीनं हाक दिली होती. बाईनंच हात काढला नाही."

"पर हाक दिली न्हवती की, साहेब."

"तानाबाई बदली कामगार. ती आपली सभासद आहे का?"

नव्हती. कायम नसलेल्या बदली कामगारांना युनियनने कधी घेतलेच नव्हते.

संध्याकाळी बाळासो घरी परतला, तर उंबऱ्यातच पिराजीची बायको बायडाबाई उभी. जवळच्या उचगावात बाळासो आणि पिराजीच्या घरांची भिंत एकच. "भावजी, आता समदं तुमच्या हातात हाय," एवढेच बोलून ती पदराने डोळे पुसत गेली. खरे बोलावे तर ते घर उघड्यावर पडणार. खोटे बोलावे तर दोन बोटे गेलेल्या बाईच्या माथी दोष येणार. इकडे आड, तिकडे विहीर!

शेवटी ताट तसेच सारून बाळासो तानाबाईकडे निघाला. निदान तिला विचारून तरी खोटे बोलावे, म्हणजे मन खाणार नाही, असा त्याचा हिशेब. माणूस पाप करतो आणि परवानगी दुसऱ्याकडे मागतो, त्यातलाच हा प्रकार!

तानाबाईच्या हाताला मोठे बँडेज होते. सून तिला भाकरी चुरून देत होती.

"तानाक्का, पिराजीची नोकरी वाचवायची हाय."

"वाचवा की! म्या कवा न्हाय म्हटलं?"

"पर त्येच्यासाठनं... हाक दिलती, असं सांगाय पायजे."

तानाबाईने सुनेचा हात थांबवला.

"म्हंजे हाक आली आन् म्याच हात काढला न्हाय? मग मला पुन्हा कामावर कोन घील रं? पिराजीवर माझा राग न्हाय. इतकी वरसं त्येच्याच हाकंवर हात घालत आले. पर त्येच्या पाठीमागं कोन हुबा हुता? यंत्र बंद करू नगा म्हणून रोज कोन वरडतंय? त्येचं नाव घ्यायला तुमच्या युनियनची जीभ का वळंना? एक गरीब वाचवायचा म्हणून दुसरा बुडवायचा, ही कसली रं युनियन!"

केवढे खरे बोलली ती! बाळासोच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण परतताना नवाच पेच दिसू लागला. मास्तराचे नाव घ्यायचे म्हणजे आम्ही सगळेच नियम मोडतो, हे कबूल करणे आले. मग एकट्या पिराजीवर थोडेच थांबेल? सगळ्या खात्याला चार्जशीट! बाहेर पडायला कुठूनच वाट दिसत नव्हती.

सकाळी मॅनेजरसाहेबांनी विचारले, "पिराजीनं हाक दिली होती का?"

गणपतरावांनी बाळासोकडे पाहून मान डोलावली.

"न्हाय साहेब. हाक दिली न्हवती."

गणपतरावांचा चेहरा उतरला. पिराजीने डोळे मिटून घेतले.

"पर म्याबी कैकदा दिली न्हाय," बाळासोचा आवाज चढला. "आमचं समदं खातं असंच काम करतंय. यंत्र बंद केलं की मास्तर हुबं करत न्हाईत आमास्नी! पिराजीला काढायचं तर मला काढा, पट्टा चढवणाऱ्या दर माणसाला काढा. मग चालवू द्या मास्तरांस्नी यंत्रं!"

मॅनेजरांनी शेजारी बसलेल्या मास्तराकडे पाहिले. मास्तर चष्मा पुसू लागला. इतक्यात पिराजीच पुढे झाला. "व्हय साहेब, चूक माझी हाय. तानाक्काचा काय दोष न्हाय."

आणि गणपतराव उभे राहिले! "युनियनचं म्हणणं हेच. चार्जशीट द्यायचं तर सगळ्या खात्याला द्या, आणि पहिलं मास्तरांना द्या."

सगळे खाते काढून गिरणी कशी चालणार? पिराजीला काही दिवस घरी बसावे लागले, पण नोकरी राहिली. त्या आठवड्यापासून झाडताना यंत्रे पूर्ण बंद होऊ लागली.

पुढच्या सभेत गणपतरावांनी आपली चूक कबूल केली आणि बदली कामगारांना सभासद करून घेण्याचा ठराव मांडला. टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर मागून तानाबाई म्हणाली, "बोटं गेल्यावर दार उघडलासा व्हय!"



बंधुभगिनींनो, आपल्या माणसासाठी युनियनने जिवाचे रान करावे, ते तिचे कामच आहे. पण ज्याचे नाव आपल्यात नाही, त्याच्यावर दोष ढकलून आपला माणूस सोडवला, तर ते रक्षण नव्हे, तो निव्वळ कावा आहे. धन्यापुढे खरे बोलायचे धाडस ज्या एकीत नाही, ती एकी आज तानाबाईला बुडवते आणि उद्या पिराजीलाही बुडवल्याशिवाय राहणार नाही.