परीक्षकबाईंचा नवरा

व्हर्लिन चाळीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झाला आणि तिसऱ्याच आठवड्यात बायकोचा ड्रायव्हर झाला. त्याची बायको आर्लिस ही जॅम-लोणच्यांची परीक्षक. जुलै उजाडला की जत्रांचा मोसम सुरू व्हायचा. सोमवारी आयोवा, गुरुवारी मिसुरी, पुढच्या आठवड्यात नेब्रास्का. ज्या तालुक्यात जत्रा, तिथे आर्लिसबाई हजर. सव्वीस वर्षं ती एकटी जात होती. यंदा तिनं नवऱ्याला सोबत घेतलं, कारण घरी रिकामा बसून त्यानं तिच्या मसाल्याच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावून ठेवल्या होत्या आणि दोन दिवस तिला दालचिनी सापडत नव्हती.

सोबत जाणं सोपं नसतं, हे व्हर्लिनला दुसऱ्याच राज्यात कळलं. कुठेही गेलं की कुणीतरी "हे परीक्षकबाईंचे यजमान" म्हणून ओळख करून द्यायचं, हातात लिंबू सरबत ठेवायचं आणि पंख्याशेजारच्या खुर्चीत बसवायचं. दुपारपर्यंत डुकरांची शर्यत बघून व्हायची, ट्रॅक्टर बघून व्हायचे, सशांचे पिंजरे दोनदा बघून व्हायचे. मग तो मुकाट्यानं मंडपात येऊन बायकोचं काम ऐकत बसायचा.

आणि ऐकता ऐकता त्याचा जळफळाट व्हायला लागला.

कारण या जत्रांत परीक्षण सगळ्यांसमोर, मोठ्यानं चालतं. बरण्यांवर नाव नसतं, नुसता नंबर. बरणी आणणारे समोरच्या बाकांवर बसलेले असतात आणि परीक्षक एकेक बरणी उघडून, हुंगून, चाखून तिचे गुणदोष सांगत जाते. आर्लिस तर कुण्या अनोळखी बाईच्या काकडीच्या लोणच्यावर दोन-दोन मिनिटं बोलायची. आणि घरी? एक्केचाळीस वर्षांत व्हर्लिननं काहीही करून दाखवलं, तरी मान वर न करता एकच शब्द: "छान."

नेब्रास्कात त्यांचा मुक्काम लुएला रुझिका नावाच्या विधवेच्या मोटेलात होता. आर्लिस सकाळी लोणच्यांकडे गेली आणि व्हर्लिन लुएलाच्या स्वयंपाकघराच्या दारात घुटमळू लागला. मिसुरीहून येताना रस्त्यावर घेतलेली पीचची पेटी त्याच्या हातात होती.

"फळं पिकायला लागलीत," तो म्हणाला. "गॅस बरा दिसतोय तुमचा. पातेलंही मोठं आहे."

"अहो, ताकाला येऊन भांडं कशाला लपवता?" लुएला म्हणाली. "जॅम करायचाय ना? करा."

"करायचाय. आणि शनिवारी स्पर्धेत ठेवायचाय. पण परीक्षकाच्या घरच्यांना भाग घेता येत नाही."

"मग माझ्या नावावर ठेवा. मला या तालुक्यानं आजवर साधी तिसऱ्या नंबरची पांढरी फीत दिली नाही, तुमच्या जॅमला काय पहिल्या नंबरची निळी देणार आहेत!"

"फीत नकोच हो मला. ती काय बोलते ते फक्त ऐकायचंय."

"चाळीस वर्षं ऐकलं नाहीत वाटतं?"

"तेच तर," व्हर्लिन म्हणाला आणि त्यानं पीच सोलायला घेतले.

पहिला घाणा करपला. दुसरा पातळ राहिला. तो लुएलानं पाहुण्यांच्या पॅनकेकवर खपवला. तिसरा जमला. थंड बशीवर थेंब टाकून, बोटानं रेघ ओढून, ती रेघ मोडत नाही हे त्यानं तीनदा तपासलं. बरणीवर नंबर पडला एकतीस.

शनिवारी मंडप गच्च भरला होता. अशा वेळी एक रीत असते: आपली बरणी पुढे आली तरी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. पण जिच्या हातातला पंखा थांबतो तिची ती बरणी, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. व्हर्लिनकडे पंखा नव्हता. त्यानं टोपी काढून दोन्ही हातांत घट्ट धरली.

"नंबर एकतीस. पीच," आर्लिस म्हणाली. झाकण टक्कन उघडलं. "झाकण घट्ट बसलंय. वर जागा सोडलीय बरोबर पाव इंच. कुणीतरी पट्टी लावून मोजलेली दिसतेय."

मंडप हसला. व्हर्लिननं पट्टीच लावली होती.

"फोडी मात्र लहानमोठ्या. एकतर घाई होती, नाहीतर सुरी बोथट होती."

"बोथट होती," व्हर्लिन पुटपुटला. शेजारच्या म्हाताऱ्यानं वळून पाहिलं.

आर्लिसनं चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं. मग पुन्हा बरणीकडे पाहिलं. "लिंबू हात राखून घातलंय. साखरेनं फळावर कुरघोडी केलेली नाही. ज्यानं हे केलं त्याला पीचची कदर आहे." आणि तिनं बरणी उजव्या हाताला ठेवली.

व्हर्लिनला गगन ठेंगणं झालं. ज्यासाठी आलो ते मिळालं, आता उठून आइस्क्रीम खावं, असा विचार त्याच्या मनात आला. तेवढ्यात त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की उजव्या हाताला ठेवलेल्या बरण्यांनाच फिती मिळतात.

बाकीच्या बरण्या संपल्या. उजवीकडच्या एकेक कमी होत दोनच उरल्या: चौदा आणि एकतीस. आता व्हर्लिनला पुढचं सगळं दिसू लागलं. निळी फीत मिळालेली बरणी राज्याच्या जत्रेत जाते, बनवणारीचं नाव पेपरात येतं. लुएलाच्या पोटात ही गोष्ट संध्याकाळपर्यंतही राहिली नसती. मग आर्लिसबाईंनी नवऱ्यालाच फीत दिली, हे पाच राज्यांत पसरायला कितीसा वेळ! सव्वीस वर्षांत तिनं कुणाच्या घरचा साधा केकही घेतला नव्हता, उगाच कुणी बोलायला नको म्हणून. आणि आपण काय केलं? सुखाचा जीव दुःखात घातला, तोही तिचा.

'फोडी बघ, अगं, फोडी बघ,' तो मनातल्या मनात विनवत होता. आर्लिसनं दोन्ही बरण्या उजेडात धरल्या. चष्मा सावरला. निळी फीत उचलली.

"थांबा!" व्हर्लिन उभा राहिला. "एकतीस नंबर बाद करा. तो माझा आहे."

पंखे एकदम थांबले. मंडपाची व्यवस्था पाहणाऱ्या बर्निसबाईंनी यादी चाळली. "तुमचा? इथे तर लुएलाचं नाव आहे."

दोन बाकं पुढे बसलेल्या लुएलाला मंडपाच्या छतात अचानक फार रस वाटू लागला होता.

आर्लिसनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. असं तिनं पूर्वी दोनदाच केलं होतं, आणि दोन्ही वेळा व्हर्लिननं गाडी गॅरेजच्या बंद दारात घातली होती.

"एकतीस नंबर बाद," ती म्हणाली. "आणि बर्निस, या बरण्यांचा निकाल आता मी नाही देणार. मधाचे परीक्षक आलेत, त्यांना बोलव."

"अगं बस गं! बाद व्हायला आपणहून उठलेला माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला," बर्निसबाई म्हणाल्या.

पण आर्लिस ऐकेना. मधाच्या परीक्षकांनी सगळं पुन्हा चाखलं आणि निळी फीत चौदा नंबरला दिली. झाला प्रकार आर्लिसनं स्वतःच्या हातानं जत्रेच्या वहीत लिहिला, खाली सही केली आणि गाडीत येऊन बसली.

पुढची जत्रा साउथ डकोटात होती. दोन्ही बाजूंना मका, मधे सरळ रस्ता, आणि आर्लिसच्या तोंडून चकार शब्द नाही.

"रागाव तरी," तीस मैलांनंतर व्हर्लिन म्हणाला.

"रागावलेच आहे. का केलंस असं?"

"त्या लोणचंवाल्या बाईशी तू दोन मिनिटं बोललीस. माझ्याशी 'छान'. मला वाटलं, निदान नाव नसलं तर बघशील नीट." त्यानं टोपी मागे सारली. "मला हवं होतं गं ते."

आर्लिसनं मांडीवरची पर्स सारखी केली.

"अर्धं मिनिट थांबला असतास ना," आर्लिस म्हणाली, "तर सगळं निभावलं असतं. फीत मी चौदालाच देणार होते."

"म्हणजे मी दुसरा?"

"दुसरा."

"का?"

आर्लिसनं त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता. तिनं पर्समधून कामाचा चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि सीटवर त्याच्या बाजूला वळून बसली.

"फेस नीट काढला नाहीस. कडेला बुडबुडे राहिले होते. आच शेवटी कमी करायची असते, तू केली नाहीस. पुढच्या वेळी करशील तेव्हा माझ्यासमोर कर, मी सांगेन. आणि विषय निघालाच आहे तर, तुझं शीळ घालणं. सूर बरा आहे, पण दुसरी ओळ तू नेहमी गाळतोस. आपल्या लेकीनं, सारानं, तिच्या लग्नात नाचायला बोलावलं तेव्हा तू उगाच लाजलास, खरं तर चांगला नाचतोस. ती करडी टोपी तुला शोभत नाही. निळी शोभते, पण..."

साउथ डकोटाची पाटी आली आणि मागे गेली. बाई अजून टोपीवरच होत्या. व्हर्लिननं ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच उचलला. गाडी साठवरून पन्नासवर, पन्नासवरून चाळीसवर आली. मागचा ट्रक भोंगा वाजवत होता. त्यानं तो खुशाल वाजवू दिला.