जुलैची पावती नोव्हेंबरात

मी एक वही बोलतेय. शंभर पानी, फुलांच्या कव्हरची. गोड बोलायची सवय मला नाही, ते आधीच सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखादं लेकरू माझ्यावर पाढे लिहील. लिहिलेही. सात वर्षांच्या शिवरंजनीने दोन पानं भरली आणि तिच्या आईने मला काढून घेतलं. आई म्हणजे महानंदा. पोखर्णीच्या आश्रमशाळेत स्वयंपाक करते. नवऱ्याने, शिवप्रकाशने, तिला लेकीसकट घराबाहेर काढलं होतं. कोर्टाने लेकीला पोटगी बांधून दिली, महिना चार हजार.

शिवप्रकाशचं पालमला नळ-पाइपाचं दुकान. महिन्याला एकदा तो पोखर्णीला मंदिरासमोर यायचा, मला मांडीवर घ्यायचा आणि वळणदार अक्षरात लिहायचा, 'पोटगीचे रुपये चार हजार रोख दिले.' खाली त्याची सही, महानंदाची सही. तिच्या हातात मात्र अडीच हजार.

"सही करायची तर कर, न्हाई तर जा कोर्टात. वकिलाला काय भाकरी थापून देणार हायस?"

ती सही करायची. लेकीची फी थकलेली असायची. मग तो माझा फोटो काढून न्यायचा, पुरावा म्हणून. चार वर्षं मी हे खोटं अंगावर वागवलं. कागदाला हात नसतात, नाही तर एक ठेवून दिली असती.

गेल्या श्रावणात त्याला तेवढ्याचाही कंटाळा आला. "दर म्हयन्याला दुकान सोडून यावं लागायलंय. वर्षाच्या सह्या आत्ताच कर. पैसे एसटीच्या कंडक्टरकडं पाठवत जाईन." पायरीवर बसून त्याने ऑगस्टपासून पुढच्या जुलैपर्यंत बारा पावत्या लिहिल्या, तारखा घालून. महानंदाने बारा सह्या केल्या. पुढे कंडक्टरच्या हाती पाकीट यायचं, कधी दोन हजार, कधी दीड.

तेवढ्यात घरमालक नागनाथ आप्पांनी ती भाड्याने राहते त्या दोन खोल्या विकायला काढल्या. तीन लाख. "अक्षय तृतीयेपर्यंत थांबतो पोरी, मग गिऱ्हाईक तयार हाय." महानंदा मला पिशवीत घालून परभणीला बँकेत गेली.

साहेब म्हणाले, "नऊ हजार पगारावर दीड लाखच बसतात. पोटगी उत्पन्नात धरली तर तीन लाखांपर्यंत नेता येईल, मुलगी अकराची आहे, अजून सात वर्षं मिळणार. पण सहा महिने ती खात्यावर दिसली पाहिजे. वहीतलं रोख आम्ही धरत नाही."

महानंदाला वाटलं, साहेबांनी सगळं बघितलंच नाही. तिने पुढची पानं उलटली. "बघा की साहेब, जुलैपर्यंत लिहून दिलंय त्येनं."

साहेब हसले. बाजूच्या टेबलावरचाही हसला. "बाई, आज नोव्हेंबरची तीन तारीख. जुलैचे पैसे तुम्हाला पोचले पण? ही वही कोर्टात गेली तर लिहून देणाराच अडकेल."

मला वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही. तिने मला मिटलं आणि तशीच पालमची एसटी धरली.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. तिने मला काउंटरवर आपटलं. "जुलैचे पैसे दिल्यात म्हणं तुमी. न्यायला आलेय."

"घरी बोलू," तो हळूच म्हणाला.

"कुटलं घर? हितंच बोलू. पुढचं खोटं निघालं तर मागचं कोण खरं मानंल, सांगा बरं."

त्याने मला ओढलं. तिने सोडलं नाही. माझं कव्हर फाटून त्याच्या मुठीत गेलं.

"फाडा की. झेरॉक्स वकिलाकडं हाय."

झेरॉक्स काढलेलीच नव्हती. खोटं बोलली ती. त्याच्या खोट्यापुढे ते काहीच नव्हतं.

त्या आठवड्यात तिच्या खात्यावर चार हजार पडले. मग दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत, एप्रिलपर्यंत. बँकेने सहा नोंदी मोजल्या, पोटगी धरली, आणि अक्षय तृतीयेच्या चार दिवस आधी कर्ज पास झालं. खोल्या आता महानंदाच्या नावावर आहेत.

परवा शिवप्रकाशचा चुलता येऊन गेला. चहा घेतला, घर बघितलं आणि म्हणाला, "तुजं काम झालं न्हवं महानंदा? आता ती वही दिऊन टाक. पोराला झोप लागंना गेली."

"लेक अठराची होऊ द्या, काका. अन् मागचं बुडविलेलं सोडलं, आसं मी कवा म्हणले?"

मी आता बिनकव्हराची, कपाटात कुलपात असते. बायांनो, तुमच्या पेटीत माझी एखादी बहीण असेल तर रद्दीत घालू नका. आधी तारखा बघा. माझी काळजी करू नका, मला इथे शांत झोप लागते. त्याला अजून सात वर्षं लागू नये, एवढंच माझं मागणं.