विहीणबाईंची गाण्यांची वही

शोभनाबाईंनी विहिणीला अठरा दिवस पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नव्हता.

त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, उलट फार चांगलं होतं. पूर्वी स्वतःच्या लग्नात त्यांच्या आईला मांडवाच्या कोपऱ्यात उभं राहून वरमाईचा मान करावा लागला होता. ते दृश्य शोभनाबाई विसरल्या नव्हत्या. आपल्या वेळी आपण असं करायचं नाही, मुलीच्या आईलाच मान द्यायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आता त्यांची सून जपानची निघाली आणि विहीण तीन विमानं बदलून जर्मनीत न्युरेम्बर्गला लेकीच्या बाळंतपणासाठी आली, म्हणून काय झालं? मान तो मान.

म्हणून किनुएबाई स्वयंपाकघरात आल्या, की शोभनाबाई त्यांच्या हातातली सुरी काढून घेत. त्यांनी काकडी चिरायला घेतली, काकडी काढून घेतली. त्या भांडी विसळायला उभ्या राहिल्या, तर त्यांना दंडाला धरून खिडकीजवळच्या मऊ खुर्चीत नेऊन बसवलं. पाठीला उशी दिली, पुढ्यात चहा ठेवला. किनुएबाई कमरेत वाकून आभार मानत आणि खालून जाणाऱ्या ट्रामकडे बघत बसत.

एकोणिसाव्या दिवशी, बुधवारी सकाळी सिद्धांत कामावर जायला निघाला आणि बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "आई, चिहारूची आई मंगळवारी परत चाललीय."

"कुठे?"

"घरी. जपानला. तिकीट बदलून मागितलंय तिनं."

"अरे, पण पोर व्हायला अजून पाच आठवडे आहेत!"

"तेच ना. म्हणाली, इथे सगळं व्यवस्थित आहे. माझा काही उपयोग नाही, उगाच तुमच्यावर भार." सिद्धांत उभा राहिला. "तू तिला मखरात बसवलंयस, आई. गणपती झालाय तिचा. मग विसर्जन होणारच."

"तोंड सांभाळ," शोभनाबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या.

आत चिहारू सिंकपाशी उभी होती. शोभनाबाई तिला चिऊ म्हणत. तिच्या हातात एकच कप होता आणि तोच कप ती केव्हाची धूत होती. आईला थांब म्हणून सांगायचा तिचा स्वभाव नव्हता आणि आईचा स्वभाव मागून घ्यायचा नव्हता. शोभनाबाईंना तो कप काही बघवेना.

त्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतः जाऊन विहिणीच्या हातात पळी दिली. किनुएबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, तीनदा वाकल्या आणि परत दिली. शोभनाबाईंनी पुन्हा पुढे केली. किनुएबाईंनी पुन्हा परत दिली. दोघी बायका भांडण असल्यासारख्या पळी इकडून तिकडे करत राहिल्या, आणि शेवटी वरण खाली लागलं.

"त्यांना वाटतं, तुम्ही नुसतं म्हणायचं म्हणून म्हणता," चिऊनं समजावलं. चार वर्षांत ती मराठी चांगलं शिकली होती. "आमच्याकडे पाहुण्यानं नाही म्हणायचं असतं. तीनदा."

"आणि चौथ्यांदा?"

"तोपर्यंत कुणी विचारत नाही, आई."

गुरुवारी चिऊला दाईकडे तपासणीला जायचं होतं. किनुएबाई अंघोळीला गेल्या होत्या. त्यांच्या खुर्चीवर एक जाडजूड वही पडली होती, कडेला रंगीत कागदाच्या चिकटपट्ट्या लावलेली. शोभनाबाईंनी विचारलं, "हे कसलं पोथीपुस्तक गं?"

चिऊ हसली. "ही आईची गाण्यांची वही. तिची खानावळ आहे ना बंदरावर, तिथे गिऱ्हाइकं जेवून झाल्यावर माइक घेऊन गातात. कुणाचं कुठलं गाणं, कुठल्या पट्टीत, सगळं आई लिहून ठेवते. आणि लगेच सापडावं म्हणून नावाच्या पहिल्या आवाजाप्रमाणे पानं केलीत. हे बघा." ती एकेका पट्टीवर बोट ठेवून वाचू लागली. "आ, इ, उ, ए, ओ. मग का, कि, कु, के, को. मग सा. मग ता, ना, हा, मा, या, रा, वा."

शोभनाबाई मट्कन खालीच बसल्या.

"अगं बाई! ही तर बाराखडी! तो स जरा घाईनं पुढे घुसलाय आणि ह रांग मोडून मध्ये आलाय, पण बाकी सगळी आपलीच मंडळी!"

त्यांना एवढं नवल वाटायला कारण होतं. शोभनाबाई अक्षरं शिकल्या त्या शेहेचाळिसाव्या वर्षी, गावातल्या साक्षरता वर्गात. पाटीवरची अक्षरं काही केल्या डोक्यात राहीनात. मग त्यांनी स्वतःची युक्ती काढली. ओव्या त्यांना ढिगानं पाठ होत्या. त्यांनी त्या पहिल्या अक्षराप्रमाणे लावल्या. काकडीची ओवी क ची, मोगऱ्याची ओवी म ची. ओवी म्हटली की अक्षर समोर उभं राही. पुढे गाण्यांच्या भेंड्यांत पंचक्रोशीत त्यांना कुणी हरवू शकलं नाही ते याचमुळे. त्यांनीही अशीच वही केली होती, फक्त कागदावर नव्हती.

त्या एकेक पान उलटू लागल्या. क ची पानं काठोकाठ भरलेली, जागा संपली म्हणून वरून चिठ्ठ्या चिकटवलेल्या. त ला सहा पानं. म ला पाच. आणि र ला एकच पान, त्यावर फक्त चार ओळी.

"र ला एवढंच?"

"आमच्या भाषेत र नं सुरू होणारं फार काही नाहीच, आई. जे आहे ते बाहेरून आलेलं. आणि ल तर आम्हाला नाहीच, त्यालाही र च."

"हं," शोभनाबाई म्हणाल्या. त्यांनी त्या चार ओळी पुन्हा एकदा बोटानं मोजल्या. "चिऊ, तुमच्याकडे भेंड्या खेळतात का गं?"

"शिरितोरी. शब्दांच्या. शेवटच्या आवाजावरून पुढचा शब्द."

"छान. शनिवारी तुझं डोहाळजेवण आहेच. आईला सांग, वही घेऊनच बसायचं."

शुक्रवारभर शोभनाबाई पुऱ्यांची कणीक मळताना स्वतःशीच पुटपुटत होत्या. सिद्धांतला वाटलं, आई जप करतेय.

शनिवारी घरात पंधरा बायका जमल्या. चिऊला हिरवी साडी नेसवली, फुलांची वाडी भरली. शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेचा कायदा असल्यामुळे तीन वाजेपर्यंत सगळ्या कुजबुजत जेवल्या. तीनचे ठोके पडले तसा उल्काताईंनी आवाज सोडला. त्या शेजारच्या फुर्थ गावाहून आल्या होत्या आणि मराठी मंडळातल्या प्रत्येक कार्यक्रमात पंच असत, कुणी नेमलं नाही तरी.

"आल्झो, तर मग! भेंड्या! आज कुठलीही भाषा चालेल. जपानी पार्टीनं गाण्याचं नाव सांगायचं, नावाचं पहिलं अक्षर धरायचं. कुठे थांबायचं ते गाणाऱ्यानं ठरवायचं. ल आला तर त्यांना र म्हणून चालेल. आणि हरेल त्याला शिक्षा काय?"

"मी सांगते," शोभनाबाई चटकन म्हणाल्या. "हरेल तिनं उद्यापासून या घरचा स्वयंपाक करायचा. दोन्ही वेळचा. नव्वद दिवसांचं तिकीट आहे ना विहीणबाईंचं? त्यातला शेवटचा दिवस येईपर्यंत. आणि जिंकणारीनं चुलीला हात लावायचा नाही."

चिऊनं ते जपानीत सांगितलं. सांगताना ती मध्येच थांबली, सासूकडे बघितलं, आणि मग उरलेलं फार भराभर सांगितलं. किनुएबाईंनी भुवया उंचावल्या, चष्मा लावला आणि वही मांडीवर घेतली.

पहिला अर्धा तास सगळ्याच गायल्या. सिद्धांतनं एक कडवं म्हटलं, त्यावर उल्काताई म्हणाल्या, "बाळ आत ऐकतंय रे, जपून." एकेक करून बाकीच्या गळत गेल्या आणि दोन्ही आज्या तेवढ्या उरल्या. किनुएबाईंवर म आला.

"मिनातो नो नेको," त्या म्हणाल्या.

"बंदरावरची मांजर," चिऊनं सांगितलं.

आणि त्या गायला लागल्या. अठरा दिवस खुर्चीत गप्प बसलेल्या त्या एवढ्याशा बाईचा आवाज जाडाभरडा, मस्त, खानावळीतल्या धुरानं भाजलेला होता. बायका ऐकतच राहिल्या. त्या 'ने' वर थांबल्या. न.

शोभनाबाईंनी पदर खोचला. "नदीच्या पल्याड कुणी भरिली घागर..." आणि तिथेच थांबल्या. "र."

किनुएबाईंनी शेवटाकडची पट्टी पकडून पान उघडलं. "राकुदा." उंटाचं गाणं. ते 'यो' वर संपलं.

"येईल माझा भाऊ, त्याला ताजी गं भाकर. र!"

"पुन्हा र?" उल्काताई ओरडल्या. "अहो शोभनाताई, पाहुणी आहे ती!"

"तेच तर मोडायचंय," शोभनाबाई पुटपुटल्या.

दुसरं गाणं 'रोकु', म्हणजे सहा नंबरच्या फलाटाचं निघालं, आणि ते 'का' वर थांबलं.

"कवळी गं काकडी, वेल गेला छपरावर!"

आता किनुएबाईंनी वहीतून मान वर केली. त्यांनी शोभनाबाईंकडे रोखून बघितलं, एक बोट हलवलं आणि अचानक खळखळून हसल्या. डाव त्यांच्या ध्यानात आला होता. बंदरावर चाळीस वर्षं खानावळ चालवलेली बाई ती, लबाड गिऱ्हाईक तिला कळणार नाही?

"रेमोन!" त्यांनी जाहीर केलं. म्हणजे लिंबू. तीनही कडवी म्हटली आणि शेवटी म दिला.

"माझ्या गं दारात मोगऱ्याला आला बहर!"

शोभनाबाईंच्या पोटात अजून एक र तयार होता. चौथ्या गाण्यासाठी राखून ठेवलेला. त्या वाट बघू लागल्या.

किनुएबाईंनी बोट ओलं केलं. पानावरून ते हळूहळू खाली नेलं. मग त्यांनी लेकीकडे बघितलं. चिऊ दोन्ही हात पोटावर ठेवून, श्वास धरून बसली होती. हिरव्या साडीचा पदर तिनं मुठीत चुरगाळला होता.

उल्काताई मोजू लागल्या. "एक... दोन..."

किनुएबाईंनी वही मिटली, मांडीवर ठेवली आणि कमरेत वाकून काहीतरी म्हणाल्या.

"हरले म्हणते," चिऊ म्हणाली, आणि रडायलाच लागली. मग हसायला लागली. बायकांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला, की खालच्या मजल्यावरच्या आजींनी छताला झाडूचा दांडा मारला.

"सिद्धांत!" शोभनाबाई म्हणाल्या. "विमानवाल्यांना फोन लाव. म्हणावं, बाई शिक्षा भोगतायत, सोडता येत नाही."

रविवारी सकाळी शोभनाबाई सवयीनं स्वयंपाकघरात गेल्या. किनुएबाई त्यांच्याआधी उठून कामाला लागल्या होत्या. कमरेला शोभनाबाईंचाच एप्रन होता, पातेल्यात काहीतरी सुंदर शिजत होतं. शोभनाबाईंनी पाटावरची काकडी उचलली. त्यांच्या हातावर हलकीशी चापट बसली. किनुएबाईंनी काकडी काढून घेतली, त्यांना दंडाला धरून खिडकीजवळच्या खुर्चीत नेऊन बसवलं, पाठीला उशी दिली.

शोभनाबाई दहा मिनिटं ट्राम बघत बसल्या. दहा मिनिटांतच त्यांना अठरा दिवस म्हणजे किती, ते कळलं.

मग त्या उठल्या. वही फडताळात तांदळाच्या डब्याशेजारी होती. त्यांनी ती घेतली, शेवटाकडची पट्टी शोधली, र चं पान उघडलं, आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवून विहिणीच्या नाकासमोर धरलं.

किनुएबाईंनी बघितलं. तोंडावर हात ठेवला. आतल्या खोलीकडे, जिथे चिऊ अजून झोपली होती, एकदा नजर टाकली आणि ओठावर बोट ठेवलं. मग पातेलं ढवळता ढवळता त्यांनी ते चौथं गाणं हळू आवाजात म्हटलं, सगळंच्या सगळं. ते थांबलं 'रा' वर.

शोभनाबाई कशाला ऐकतात! "रांधाया बसली माय, चित्त तिचं लेकीवर," त्या म्हणाल्या, आणि गालातल्या गालात हसत बोट वर केलं. "र."

आता पानावर खरंच काही उरलं नव्हतं. विहीणबाईंनी हातातली पळी त्यांच्यावर उगारली.