पलीकडची ऊब

तिने नकाशा टेबलावर पसरला आणि तो पुन्हा गुंडाळला जाऊ नये म्हणून चारही कोपऱ्यांवर नगरसेवकांचेच चहाचे कप ठेवले. कोणी हसलं नाही.

"ही भिंत," तिने बोट टेकवलं. "अलीकडे तरणतलाव, पलीकडे शवदाहिनी. दाहिनीच्या धुराड्यातून जी उष्णता नुसती वर जाते, ती पाइपातून इकडे वळवायची. तेलाचा बॉयलर कायमचा बंद. धूरही कमी आणि तलावही चालू."

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे मढ्यांच्या धगीवर पोहायचं?"

"उष्णता ती उष्णता. तिला कुणाचं नाव नसतं," ती म्हणाली. आवाज चढल्याचं तिचं तिलाच जाणवलं.

शहरांचा धूर कमी करण्याची एक मोहीम निघाली होती; तिच्यात यायची सक्ती कोणत्याच शहरावर नव्हती. ज्याला वाटेल त्याने आपणहून यायचं. मग मोहिमेचे तज्ज्ञ येऊन धूर कुठून किती निघतो ते मोजत, तो कमी कसा करायचा ते शिकवत. नगरपालिकेच्या पर्यावरण खात्यात ती एकटीच. नगराध्यक्षांनी सही करेपर्यंत तिने त्यांचा पिच्छा पुरवला होता. तज्ज्ञ आले, मोजून गेले. सगळ्यात जास्त धूर निघाला तो तरणतलावाच्या जुनाट बॉयलरचा. नगरसेवकांना सोपी वाट सापडली: तलावच बंद करायचा.

आणि त्याच तलावात तिचा दादा उभा राहायचा. गाडीच्या अपघातात वहिनी जागच्या जागी गेली आणि दादाच्या पायांतलं बळ गेलं, त्याला आता वर्ष होत आलं होतं. कोमट पाण्यात मात्र तो कठड्याला धरून चालायचा. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी तिला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं, फार दिवस खंड पडला तर हे पाय पुन्हा उठायचे नाहीत. तिने आणलेला धोंडा तिच्याच पायावर पडला असता तर एक वेळ चाललं असतं.

अध्यक्षांनी आपला कप उचलला. नकाशाचा कोपरा लगेच वर आला.

"बाई, ज्यांची माणसं नुकतीच त्या दाहिनीतून गेली आहेत, त्यांच्या घरी जा. त्यांना चालत असेल तर आम्ही आडवे येणार नाही."

ती दमून गप्प बसेल, असा त्यांचा हिशेब होता. ती त्याच संध्याकाळी निघाली.

पहिल्या घरात एका म्हाताऱ्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. दुसऱ्या घरातला मुलगा जिन्यापर्यंत तिच्या मागे ओरडत आला. "तुमच्या घरचं कोणी गेलं म्हणजे कळेल!" कठडा धरून ती खाली उतरली आणि रस्त्यावर येऊन पुढचा पत्ता विचारू लागली. रोज तेच. झोपेतही ती लोकांच्या हातापाया पडत होती.

शेवटी इस्त्रीच्या दुकानातली एक बाई भेटली. हातातली इस्त्री न थांबवता तिने सगळं ऐकलं.

"आमच्या ह्यांनी जन्मात कुणाला फुकट काही दिलं नाही," ती म्हणाली. "जाता जाता तरी देऊ दे." ती हसली, आणि हसता हसताच तिने पदराने डोळे पुसले. मग शेजारच्या दुकानदाराला हाक मारली. त्याची आई त्याच महिन्यात गेली होती. "अरे, इकडे ये. या बाईंचं जरा ऐक."

तिथून दारं उघडू लागली. ठराव पास झाला, तलावाचं पाणी उपसलं आणि भिंतीला भोक पडलं.

काम लांबलं. थंडीत दादाचे पाय लाकडासारखे झाले. ती रोज गरम पाण्याच्या पिशव्यांनी शेकायची, तो छताकडे बघत राहायचा. एके दिवशी ती उड्या मारतच घरी आली.

"दादा, झालं! उद्यापासून पाणी गरम!"

त्याने मान भिंतीकडे वळवली.

"ठमे, तुझी वहिनी त्याच दाहिनीतून गेली."

ती इतकी घरं फिरली होती. हे घर राहून गेलं होतं.

"मी बंद करायला सांगते," ती म्हणाली. आपण हे कुणाला आणि कसं सांगणार आहोत, हे तिला माहीत नव्हतं.

सकाळी तो आपणच चाकाच्या खुर्चीत बसून तयार होता. तलावावर वाफ तरंगत होती. व्यायामाच्या बाई कमरेपर्यंत पाण्यात उभ्या राहून हात पुढे करत होत्या. काठाशी आल्यावर दादाने खुर्चीचं चाक धरून ठेवलं.

"पलीकडे आज कोण आहे?"

"दादा, ते आपल्याला कशाला..."

"बघून ये."

ती भिंतीला वळसा घालून गेली आणि परत आली.

"एका म्हाताऱ्या गृहस्थांना आणलंय. बस चालवायचे. सोबत त्यांची मुलगी आहे, बाहेर बाकावर बसलीय."

"आणि कोण?"

"कोणी नाही. एकटीच आहे."

दादाने चाकावरचा हात काढला.

"मला तिकडे घेऊन चल."

तिने खुर्ची वळवली.

"अहो, कुठे निघालात?" बाई पाण्यातून ओरडल्या. "पाणी आत्ता छान आहे!"

"येतो," दादा मागे न बघता म्हणाला. "जरा बसून येतो."