एका हाताचा पट्टा

त्या दिवशी दुपारपर्यंत मी व्हर्लच्या शर्टाची बटणं तीनदा लावली होती. एकदा सकाळी उठल्यावर, एकदा त्याच्या अंगावर दलिया सांडल्यावर, आणि एकदा तो "माझी मी लावतो" म्हणून हट्टाला पेटला आणि वरचं बटण खालच्या काजात घालून बसला तेव्हा. मार्चमध्ये त्याला अर्धांगवायूचा झटका आला. पाय वाचला, बोलणं वाचलं, डावा हात गेला. तेव्हापासून मोजे, बूट, कमरेचा पट्टा, सगळं माझ्याकडे. मला कंटाळा आला होता. बायकोनं असं म्हणू नये म्हणतात, पण म्हणणाऱ्यांनी सात महिने दुसऱ्याचे मोजे चढवून बघावेत.

हरणांच्या शिकारीचा हंगाम दहा ऑक्टोबरला सुरू होणार होता. परवाने दोघांचेही काढून झाले होते. व्हर्लनं एकच अट घातली.

"दुर्बिणीचा छातीपट्टा मला एकट्याला घालता आला आणि एकट्याला उघडता आला, तर येतो. डोंगरावरही तूच मला कपडे चढवणार असशील, तर मी घरी बरा."

अट ऐकायला साधी होती, पण मी घाबरले. बेचाळीस वर्षं आमची वाटणी ठरलेली: तो शोधणार, मी गोळी घालणार. तो दुर्बीण लावून तासन् तास टेकडी चाळायचा आणि मी बंदूक घेऊन त्याच्या उजव्या हाताला बसायचे. बंदुकीशिवाय त्याचं काही अडत नव्हतं, दुर्बिणीशिवाय तो कुणीच नव्हता. या वर्षी घरी बसला तर हा माणूस पुन्हा उठायचा नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. त्याचा जुना चामडी पट्टा नुसता गळ्यात अडकवायच्या जातीचा होता. चालताना दुर्बीण लंबकासारखी हलायची आणि ती धरायला दुसरा हात लागायचा. तो हात आता नव्हता.

म्हणून जेवण उरकून थेरॉनच्या दुकानात गेलो. थेरॉन आमच्याच चर्चमधला. गिऱ्हाइकाला बंदूक विकतानाही बंधू-भगिनी म्हणायची सवय त्याची सुटत नाही.

"या बंधू व्हर्ल! भगिनी रीवा, आज यांना मोकळं सोडलंत?"

"सोडलं तर जाईल कुठे? बूट मी घालते."

थेरॉननं छातीपट्ट्यांची रांग मांडली, प्रत्येकाला पुढे दुर्बिणीची पिशवी. पहिला फार देखणा होता, पण त्याचं एक बक्कल पाठीमागे होतं. व्हर्ल एक हात घालून त्यात असा गुरफटला, की मला कुंपणात अडकलेलं वासरूच आठवलं. मी पुढे झाले तर म्हणाला, "हात लावू नकोस." मी हात मागे घेतले. दुसऱ्याला चेन होती. चेन ओढायला एक हात पुरतो, पण पिशवी धरून ठेवायला दुसरा लागतो, हे आम्हाला तिथेच कळलं. तिसऱ्याला वेल्क्रो होतं. व्हर्लनं ते ओढलं आणि दुकानभर खर्रकन् आवाज झाला.

"हे उघडलं की पलीकडच्या काउंटीतली हरणंसुद्धा पळतील," तो म्हणाला. "विकतोस काय रे असलं?"

"पक्षी बघणारे घेतात," थेरॉन म्हणाला. "त्यांना काय, पक्षी उडाला की घरी जायचं."

चौथा पट्टा बंडीसारखा डोक्यातून घालायचा होता. उजव्या कुशीत एकच खटका, आणि पिशवीच्या झाकणाला लोहचुंबक. व्हर्लनं तो घातला, चुकला, काढला, पुन्हा घातला. तिसऱ्या खेपेला खटका बसला. अंगठ्यानं झाकण लोटलं, दुर्बीण बाहेर काढली, आत ठेवली, झाकण आपोआप मिटलं. आवाज नाही. त्यानं ते पाच वेळा केलं. सात महिन्यांत त्याचा चेहरा मी असा पाहिला नव्हता, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

"फक्त होकायंत्र याच्या जवळ धरू नका," थेरॉननं बजावलं. "लोहचुंबकापाशी ते वेडं होतं."

"होकायंत्र कशाला? रीवा बरोबर असली की चुकायची सोयच नाही."

दुकानाच्या मागच्या अंगणातून समोरची टेकडी पूर्ण दिसते. खाली लसूणघासाचं शेत, वर जुनिपरची झुडपं, मधोमध एक पिवळा खडक. आम्ही तिघं बाहेर आलो. मी माझीही दुर्बीण आणली होती.

व्हर्लची टेकडी चाळायची एक रीत आहे. पुस्तकाचं पान वाचावं तशी तो ती वाचतो, डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एक ओळ, मग खालची ओळ. मधूनच सुरुवात करणाऱ्यांची तो टर उडवायचा. आणि आमचा एक नियम आहे: हरीण आधी ज्याला दिसेल, त्याला छावणीतली भांडी माफ. बेचाळीस वर्षांत मला पाच वेळा माफ झाली असतील. बाकी सगळी वर्षं बर्फासारख्या पाण्यात मीच तवे घासले.

त्यानं दुर्बीण डोळ्याला लावली. पिवळ्या खडकापासून सुरुवात केली, उजवीकडे गेला, परत खडकाशी आला, पुन्हा उजवीकडे गेला.

मला चार हरणं केव्हाच दिसली होती. डावीकडे, जुनिपरच्या झुडपांपुढे. त्यातला एक नर होता, चांगल्या शिंगांचा. दुर्बिणीशिवायही दिसावीत इतकी उघड्यावर होती. तो तिकडे येईल म्हणून मी वाट पाहिली.

"दोन माद्या," व्हर्ल म्हणाला. "खडकाच्या उजवीकडे, खाली. भांडी तुझी."

"अजून बघ की."

"पाहिली सगळी टेकडी. दोनच आहेत."

रोज वाडग्यात डाव्या बाजूचा दलिया तसाच उरायचा, मला वाटायचं भूक गेली. दाढी करताना डावा गाल राहायचा, मला वाटायचं हात दमला. दाराच्या डाव्या चौकटीवर आपटायचा, मी ओरडायचे, "बघून चाल!" मी बटणं लावत राहिले आणि त्याचं अर्धं जग नाहीसं झालंय हे मला कळलं नाही.

थेरॉननं टेकडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाला, "पट्टा बाजूला ठेवू का? विचार करा सावकाश. घाई नाही."

"नको. तो घालूनच जाईल."

थेरॉन आत गेला, पण व्हर्लला इतक्यात निघायचं नव्हतं. आमची पिकअप अंगणातच उभी होती. मागचं फळकूट खाली पाडून तो त्यावर बसला. मी जरा वेळ उभी राहिले. इतकी दमले होते, की तिथेच आडवी झाले असते. मग वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला बसले.

त्याची मान वळायला वेळ लागला. "तू इकडे का?"

"तिकडे ऊन डोळ्यावर येतंय."

आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. व्हर्लनं वर पाहिलं. अंगठ्यानं झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"किती होती?" त्यानं विचारलं.

"काय किती?"

"डावीकडे."

मला खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "चार."

"हं." त्यानं झाकण मिटलं. "डॉक्टरनं एप्रिलमध्येच सांगितलं होतं. डोळे चांगले आहेत, पण तिकडचं डोक्यात शिरत नाही. तू बाहेर विमावाल्यांशी फोनवर भांडत होतीस. म्हटलं, हाताचं ओझं दिलंय तिला, एवढं पुरे."

"सहा महिने? मूर्ख आहेस!" मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही करायला अंगात जोर नव्हता. "दलियाचा वाडगा फिरवून ठेवला असता मी. एवढंच करायचं होतं!"

"मग आता? पट्टा परत देऊ?"

विचारताना तो टेकडीकडे बघत होता. त्याचा उजवा हात छातीवरच्या पिशवीवर घट्ट होता.

"खडकापासून उजवीकडे तुझं," मी म्हणाले. "डावीकडचं माझं. मी आता याच बाजूला बसणार."

"शोधायचंही तूच आणि गोळीही तूच?"

"अर्धंच शोधणार. उरलेलं अर्धं तुझ्याकडेच राहतं."

तो मान डोलावत राहिला. मग म्हणाला, "चारांत नर होता?"

"होता. मोठा."

"तुला माझ्या आधी दिसला?"

"कितीतरी आधी."

"मग भांडी माझी."

"एका हातानं?"

"तू तवा धर, मी घासतो."

"धरीन," मी म्हणाले.