भिंतीपलीकडचा घण

मित्रांनो, दिसायला मी लोखंडाचा ठोकळा, पण जातीची ऐरण आहे. जिच्यावर लाल लोखंड ठेवून लोहार घणाने बडवतो, ती मी. माझ्या पोटावर इंग्रजी अक्षरं आहेत. आसेगावात ती कोणाला वाचता येत नाहीत, आणि मलाही नाही.

मी घडले विलायतेत, एकोणिसाव्या शतकात. माझा पहिला मालकही लोहारच. मरण्याआधी त्याने तिथल्या रीतीप्रमाणे मृत्युपत्राचा कागद केला. मोठा चतुर कागद! घर, दुकान, भट्टी थोरल्याला. बायकोला चुलीजवळची खोली, तीही दुसरं लग्न करीपर्यंत. लेकीला पलंग आणि अंथरुणं. धाकट्याला फक्त मी. भावाच्या दुकानात नोकर व्हायचं नाही म्हणून धाकटा मला घेऊन आगबोटीत बसला. वाशीमची रेल्वे बांधत होते तेव्हा आम्ही दोघंही तिथे होतो. तो तापाने गेला. त्याच्यामागे कागद नव्हता आणि कागदात नाव घालायला माणूसही नव्हतं. लिलावात मला आसेगावच्या रामराव लोहारांनी घेतलं.

पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं सुखाची गेली. विळे, वखराच्या पासा म्हणजे आडवी पाती, नांगराचे फाळ, सगळं माझ्या पाठीवर झालं. रामरावांची लेक पंचफुला विधवा होऊन माहेरी आली आणि बापासमोर घण धरून उभी राहिली. बापाची हातोडी जिथे टिचकी मारी, नेमका तिथेच तिचा घण पडे. "रामरावचा इळा नातवाले पुरते," असं लोक म्हणत. शाबासकी रामरावांना. ऐरणीला आणि लेकीला कोण शाबासकी देतो?

सत्तावन साली रामराव गेले. तेरवी झाली आणि पंचफुलाचे थोरले भाऊ नानाजी म्हणाले, "बाई, लुगडं-चोळी घे अन् अंगठा दे. बहीन बापाच्या घरात वाटा मांगते काय?" नानाजी आणि मधला इंद्रभान, दोघांनीही भट्टीचा धूर कधी डोळ्यांत जाऊ दिला नव्हता.

"लुगडं फाटते, दादा," पंचफुला म्हणाली. "मले बाबाचं दुकान पायजे. थेच करून पोट भरीन."

पंच म्हणून बोलावलेले गोपीचंद मास्तर म्हणाले, "नानाजी, नवा कायदा झाला न. आता लेकीलेही वाटा हाय."

आमच्याकडे वाटणीची रीत अशी, की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. सगळ्यांत धाकटी पंचफुला. तेव्हा नानाजींनी चिडून इतका न्याय केला, इतका न्याय केला, की विचारू नका. घराचे तीन खण, तीन वाटे. एका खणात मी, दुसऱ्यात घण, तिसऱ्यात भट्टीचा भाता.

"अरे, हत्यारं तरी एका जागी ठेव!" मास्तर ओरडले.

"मंग कोनाले कमी पडलं, असं उद्या तुमीच म्हनसान."

पंचफुलाने माझ्यावर तळवा ठेवला. तिला वाटलं, ऐरण जिच्याकडे, दुकान तिच्याकडे. इंद्रभानाने भाता उचलला. विस्तव त्याच्याशिवाय कोण फुलवणार? नानाजींना उरला घण, आणि घणाशिवाय बाकी सगळं दगड, याची त्यांना खात्री. तिघंही आपापल्या खणात बसून दुसऱ्याची वाट पाहू लागले.

पेरणी जवळ आली. शेतकरी धार काढायला पासा घेऊन आले. पंचफुला नानाजींच्या दारात गेली. "दादा, पेरनीपुरता घन दे."

"मी कायले देऊ? तूच ऐरन आन इकडं."

मला उचलायला चार गडी लागतात, हे त्यांना ठाऊक होतं. भाता मागायला गेली, तर इंद्रभानाने तो मंगरूळपीरच्या बाजारात केव्हाच विकलेला. शेतकरी उभे राहिले, बसले, मग पासा खांद्यावर टाकून दुसऱ्या गावच्या लोहाराकडे गेले. पुन्हा आले नाहीत.

मित्रांनो, विलायतेत एकाला सगळं मिळालं आणि धाकटा परदेशी मेला. इथे सगळ्यांना सारखं मिळालं आणि दुकान मेलं. तुमच्या घरी कधी वाटणी निघाली तर एवढं करा. माणसांना विचारालच, पण कोणतं हत्यार कोणाच्या सोबतीने जगतं, तेही पाहा. आम्हाला बोलता येत नाही.

आता पंचफुला माझ्यावर दगडाने बिब्बे फोडते आणि आतली गोडंबी विकते. बिब्ब्याचं तेल अंगावर उततं, तिची बोटं सोलून निघाली आहेत. लाल लोखंडाने कधी तिला एवढं भाजलं नव्हतं.

नानाजींनी घण दाराला टेकण म्हणून ठेवलाय. वाऱ्याने दार आपटलं की तो भिंतीपलीकडे वाजतो. काल वाजला. पंचफुलाचा हात वरच्या वर थांबला. ती दुसऱ्या ठोक्याची वाट पाहत राहिली, आणि मीही. मग तिने दुसरा बिब्बा माझ्यावर ठेवला.